नव्या चित्राला जुना साज

मोबाइलवर काढलेले स्वच्छ व रेखीव छायाचित्र मुद्दाम धूसर करून, जणू ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ कॅसेटमधून घेतले आहे असे भासविण्याची हौस हल्ली आपल्या तरुण मंडळींत दिसून येते. आमच्या धर्मग्रामातील मुलांनी यंदाच्या फेस्ताची चित्रे अशीच सजविली, तेव्हा ही करामत कशी साधते ते मी त्यांच्याजवळ बसून पाहून घेतले.

गिम्प नावाचे विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर त्यांनी वापरले. प्रथम चित्र जुन्या टीव्ही संचाच्या ४:३ या प्रमाणात कापून लहान करावयाचे. मग त्यातील उजेड-अंधार व रंग वेगळे करून केवळ रंग आडव्या दिशेने पसरवावयाचे. त्यामुळे साडीचा तांबडा रंग काठाबाहेर ओघळल्यासारखा दिसतो. त्यावर बारीक आडव्या रेघा, थोडे दाणेदार कण, तळाशी एक विस्कटलेली पट्टी आणि कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत तारीख घातली, की झाले.

यांपैकी एकही दोष काल्पनिक नाही. व्ही.एच.एस. कॅसेट जपानच्या जे.व्ही.सी. कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. तिची फीत अवघी अर्धा इंच रुंद. एवढ्याशा जागेत सारे मावावे म्हणून रंगांची नोंद प्रकाशाच्या नोंदीपेक्षा पुष्कळच ढोबळ ठेवीत. साहजिकच रंग कडेबाहेर सांडत. यंत्रातील फिरत्या ढोलावरचे एक हेड थांबून दुसरे वाचू लागे, त्या क्षणी चित्राचा तळ विस्कटे. फीत झिजली की पांढरे फराटे उमटत. आज जो शृंगार म्हणून चढविला जातो, तो वस्तुतः त्या यंत्राचा दुबळेपणा होता!

मग तो मुलांना गोड का वाटतो? आपल्या देशात रंगीत दूरदर्शन १९८२ साली आले आणि पुढील वर्षांत लग्नकार्यांचे व्हिडिओ काढण्याची प्रथा खेडोपाडीही पोहोचली. मुलांनी आपले आजी-आजोबा तरुण असलेले पाहिले, ते त्या धूसर पडद्यावरच. तो धूसरपणा त्यांना घरच्यासारखा वाटला, तर नवल नाही. या हौसेला मी दोष देत नाही. मात्र दोन पथ्ये पाळावीत. मूळ चित्र जसेच्या तसे जपून, प्रतीवरच काम करावे. आणि कोपऱ्यात खोटे साल घालू नये. फेस्ताच्या एका चित्रावर मुलांनी १९८८ हे साल घातले होते. ते पाहून एक वृद्ध बाई गोंधळून म्हणाल्या, "फादर, तेव्हा माझा हा नातू जन्मलासुद्धा नव्हता!" सारे हसले, परंतु आणखी पन्नास वर्षांनी ते चित्र हाती घेणाऱ्याला सत्य कोण सांगणार? खोटी साक्ष केवळ जिभेनेच दिली जाते असे नाही.

याहून अधिक कळकळीने सांगावयाचे ते निराळेच आहे. एका घरी आई प्रभूघरी गेल्यावर मुलांना तिचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटला. थोरल्याच्या लग्नाची कॅसेट ट्रंकेत होती. पण अनेक पावसाळ्यांच्या दमट हवेने फितीवर पांढरी बुरशी चढली होती. कॅसेट हाती होती, आईचा आवाज मात्र हाती लागला नाही. जपानच्या फुनाई कंपनीनेही ही यंत्रे बनविण्याचे काम जुलै २०१६ मध्ये थांबविले. चालू स्थितीतले यंत्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे.

म्हणून प्रिय वाचकहो, या आठवड्यात आपली जुनी पेटी उघडा. बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नका. फीत तुटेल आणि यंत्रही बिघडेल. जाणत्या कारागिराकडून ती साफ करवून संगणकावर उतरवून घ्या. दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवा. चित्रात कोण कोण आहे, हे वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर लिहून घ्या. तरुणांनो, नव्याला जुने करण्याचे कौशल्य तुम्हाला साधले आहे. तेच हात आता जुन्याला वाचविण्यासाठी लावा. आपल्या भांडारातून नवे व जुने दोन्ही बाहेर काढणाऱ्या घरधन्याचा दृष्टांत प्रभूने दिला आहे. मात्र जे आधी सांभाळून ठेवले, तेच त्याला बाहेर काढता आले.