मागे बसणारी गिटार

अंबाजोगाईत फ्लॅमेंको गिटार वाजवतो म्हटलं की समोरचा हमखास ‘सेन्योरिता’ची फर्माईश करतो. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ २०११ साली आला, तेव्हापासून हे गाणं माझं पोट भरतंय, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही. लग्नाची रिसेप्शन्स, कॉलेजांची गॅदरिंग, संभाजीनगरच्या हॉटेलांतल्या संध्याकाळी आणि घरच्या शिकवण्या, एवढ्यावर माझी कारकीर्द उभी आहे. पत्रिकेवर ‘वर्ल्ड म्युझिक’ छापतात. त्याचा अर्थ आयोजक विचारत नाहीत आणि मीही सांगायला जात नाही.

निवेदकांना मात्र सगळं ठाऊक असतं. हे मूळचं आपलंच संगीत, जिप्सींनी स्पेनला नेलं, हे वाक्य ठरलेलं. रोमा लोकांची भाषा वायव्य भारताकडे बोट दाखवते आणि पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोचले, हे खरं. पण वाटेतली शतकं, अंदालुसियातली अरबी, ज्यू आणि तिथली स्थानिक गाणी, हे सगळं एका वाक्यात कसं गिळायचं? श्रोत्यांनाही अशीच घाई असते. कोमल रिषभ कानावर पडला की ‘भैरवी!’ म्हणून मान डोलते. मग शेवटच्या मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार येतो आणि जाणकार बसंतमुखारीचं नाव घेतो. दोघांचे सूर बरोबर, पण राग दोन्हीही नाहीत.

खरी गंमत तालात आहे. “बारा मात्रा? मग एकतालच की,” म्हणत आमच्या तबलजींनी ठेका धरला. एकतालाचे विभाग सहा, दोन-दोन मात्रांचे. फ्लॅमेंकोतल्या बुलेरिया या प्रकाराचा हिशेब तीन, तीन, दोन, दोन, दोन असा, आणि मोजणी बारापासून. आघात बारा, तीन, सहा, आठ, दहावर. चाल येऊन टेकते ती दहावर. तबलजी समेवर मान हलवायचे तेव्हा माझं म्हणणं संपून दोन मात्रा उलटलेल्या असायच्या. शेवटी त्यांनी तबला बाजूला सारला आणि मांडी ठोकून नुसत्या टाळ्या धरल्या. स्पेनमध्येही शिकणाऱ्याच्या हातात आधी टाळीच देतात.

ही बाराची चौकट उजवा हात सांभाळतो. करंगळीपासून तर्जनीपर्यंत बोटं एकामागून एक तारांवर उलगडतात आणि मधूनच अनामिका लाकडावर ठोका देते. या ठोक्यांनी लाकूड खरवडतं, म्हणून तिथं पातळ प्लॅस्टिकचा पत्रा चिकटवतात. आमचं गाव मेडिकल कॉलेजचं, जुन्या एक्स-रे फिल्मला तोटा नाही. ब्लीचच्या पाण्यात धुतली की फासळ्या निघून जातात आणि स्वच्छ पारदर्शक पत्रा हाती येतो. दुसरी चिंता उन्हाळ्याची. गाव बालाघाटाच्या माथ्यावर असलं तरी एप्रिल-मेची हवा कोरडी ठाक. लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात आणि मग तडा जायला वेळ लागत नाही. गिटारच्या पेटीत छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवतो.

फ्लॅमेंको गिटारवादक पाको दे लुसियाचं ‘एन्त्रे दोस आग्वास’ १९७३चं. तो रुंबा, सरळ चार मात्रांचा, म्हणून जगभर कुणालाही झेपला. १९८० साली सॅन फ्रान्सिस्कोत पाकोने जॉन मॅकलॉफ्लिन आणि अल दी मेओलासोबत वाजवलं आणि तरुण गिटारवाल्यांच्या डोक्यात वेग शिरला तो अजून निघालेला नाही. माझ्या मते खरा पाको गायक कामारोन दे ला इस्लाच्या गाण्यामागे सापडतो. गायकाने श्वास घेतला की एखादी छोटी जागा भरायची, त्याने तोंड उघडलं की मागे सरायचं. फ्लॅमेंको गिटारचा मूळ धंदा साथीचाच. एकट्याने मैफल करणं नंतरचं. अंबाजोगाईत ना तसा गायक, ना नर्तकी. त्यामुळे मी नाइलाजाने सोलोवाला.

साथ शिकलो ती एका ओळखीच्या घरच्या गोंधळात. संबळावर काड्या पडल्या आणि मी कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर बसवायचा चाप, घेऊन सूर शोधू लागलो. गोंधळी पट्टी सांगत नसतात. गळा म्हणेल तिथून उचलतात. कॅपो एकेक घर सरकवत तुणतुण्याशी जुळवला. फ्लॅमेंकोतही गायकाच्या गळ्याप्रमाणे असाच कॅपो सरकवतात. आख्यान सुरू झालं, आणि सवयीने मी जागा भरायला लागलो. म्होरक्या थांबला. “सर, मी सांगायलो अन् तुमची गिटार मधीच बोलायली.”

मग दोनच तारा धरल्या. तो देवतांना एकेक करून आवतण देत होता. नाव उच्चारून झालं की संबळ उसळायचा, तेवढ्यापुरतं हाताला मोकळं सोडायचं आणि त्याने पुन्हा तोंड उघडायच्या आत दोन तारांवर परत यायचं. त्याचे खांदे पाहत राहिलं की ही वेळ कळते. मात्रा मोजून नाही.

पहाटे बिदागीची वाटणी झाली. माझा वाटा तुणतुणेवाल्यापेक्षा कमी निघाला. रास्तच होतं, तो रात्रभर उभा होता. पुढच्या गोंधळाला मात्र बोलावलंय, आणि त्या तारखेला संभाजीनगरच्या हॉटेलला मी नाही म्हणून कळवलंय.