लिंगाला आलेला बाक आणि दाराशी अडलेला प्रश्न

शुगरचे रिपोर्ट पाहून झाले, गोळ्या लिहून दिल्या. गृहस्थ उठले, दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून थांबले. "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं..." खरं दुखणं अनेकदा असं जाता जाता दाराशी सांगितलं जातं. मी त्यांना परत बसवलं.

वय ५४, दहा वर्षांचा मधुमेह. आठ महिन्यांपासून ताठरता आली की लिंग वरच्या बाजूला वाकत होतं. सुरुवातीला दुखायचंही. बोटाला आत काहीतरी कडक लागत होतं. त्यांनी मनाशी दोनच गोष्टी धरल्या होत्या: एक तर कॅन्सर, नाहीतर तरुणपणीच्या हस्तमैथुनाची शिक्षा. भिंतीवरची जाहिरात वाचून लॉजवर बसणाऱ्या एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडून तेलही आणलं होतं. बायकोला काहीच सांगितलं नव्हतं. ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागले आणि त्या बिचारीला वाटत राहिलं, आपलंच काही चुकलं.

दोन्ही तर्क चुकीचे होते. हा पेरोनी आजार. लुई पंधराव्याच्या दरबारातल्या या नावाच्या फ्रेंच सर्जनने १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा कॅन्सर नाही, संसर्ग नाही आणि पाप तर नाहीच.

लिंगात रक्त भरणाऱ्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्यावर चिवट पण ताणलं जाणारं आवरण असतं. संभोगाच्या वेळी, विशेषतः ताठरता पुरेशी नसताना, लिंग मुडपलं तर या आवरणाला बारीक इजा होते. बहुतेकांची ती भरून येते. काहींमध्ये मात्र तिथे घट्ट व्रण तयार होतो. लांबट फुग्याच्या एका बाजूला चिकटपट्टी लावून तो फुगवून पाहा, पट्टीच्या बाजूलाच वाकेल. इथेही तसंच होतं. अनेकांना इजा झाल्याचं आठवतही नाही.

थोडासा बाक पुष्कळ पुरुषांना पहिल्यापासून असतो, त्याची काळजी नको. काहींना जन्मतः जास्त बाक असतो, पण त्यात गाठ नसते आणि तो तरुणपणीच लक्षात येतो. आधी सरळ असलेलं लिंग पुढे वाकू लागलं, तर मात्र दाखवायला हवं.

मग सगळ्यांनाच का होत नाही? वाढतं वय, मधुमेह, धूम्रपान, आधीपासून कमी झालेली ताठरता, प्रोस्टेटचं ऑपरेशन, घरात कोणाला हा आजार असणं, यांनी धोका वाढतो. धोका वाढतो म्हणजे होतोच असं नाही.

आणखी एक खूण असते, तिथे मी चुकलो. या गृहस्थांची उजव्या हाताची करंगळी तळव्याकडे ओढली गेली होती, हात टेबलावर सपाट टेकत नव्हता. तळव्याखालचा पडदा घट्ट होण्याचा हा आजार, ड्युपुट्रेन, मधुमेहींमध्ये जास्त दिसतो आणि पेरोनीचा तो जणू चुलतभाऊ. वर्षभरापूर्वी मीच त्यांच्या केसपेपरवर त्याचं नाव लिहिलं होतं. दर तीन महिन्यांनी पाय तपासत होतो, डोळे तपासून घ्यायला सांगत होतो. हे एक विचारलं नाही. पेशंट लाजतात असं आपण म्हणतो, पण खरं सांगायचं तर लाजलो मीही होतो.

त्यांना युरॉलॉजिस्टकडे पाठवलं. दुखणं बहुधा वर्ष-दीड वर्षात थांबतं, बाक मात्र आपोआप क्वचितच जातो. उपाय आहेत, पण ते बाक किती आणि स्थिरावला की नाही यावर ठरतात. तेल लावून ओढाताण करू नका, नवी इजा होईल. आणि संभोगात एकदम 'कट्' आवाज होऊन सूज आली, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. ती वेगळी, तातडीची गोष्ट.

पुढच्या वेळी दोघं मिळून आले. सगळं ऐकून घेतल्यावर बाईंनी विचारलं, "डॉक्टर, शुगरमुळे असं होऊ शकतं, तर हे तुम्ही आधी का नाही विचारलंत?"

"चुकलं माझं," मी म्हणालो.