जोडीतलं दुसरं

नाणी जमवायला लागल्यावर पहिल्या वर्षात हाती दुर्मीळ असं काही लागत नाही. लागतात ती डबल. वीस पैशांची षटकोनी ॲल्युमिनियमची नाणी, तळहातावर ठेवली तरी वजन न जाणवणारी. भारताचा नकाशा असलेली, दोन रुपयांची अकरा कोनांची. नागमोडी काठाचे दहा पैसे. पोरीला नाणी आवडतात हे एकदा नात्यागोत्यात कळलं की मावशी देवघरातली वाटी उपडी करते, शेजारच्या काकू शिवणाच्या डब्याचा तळ चाचपतात, आत्याच्या ट्रंकेतून फडक्यात बांधलेली पुरचुंडी निघते, आणि सगळीकडून तीच ती नाणी बाहेर पडतात. साहजिकच आहे. सगळ्यांनी त्याच चिल्लरीने भाजी घेतली, एसटीची तिकिटं काढली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली, तेव्हा बँकेत द्यायची जी राहून गेली ती अशी वाट्याडब्यांत पडून आहेत.

डबलांचा हा ढीग नव्या माणसाला नकोसा होतो. अल्बममध्ये एका खणात एक नाणं. उरलेल्यांचं करायचं काय? मला मात्र त्या ढिगाचीच ओढ. एकट्या नाण्याकडे आपण नीट बघतच नाही. रुपया आहे, साल कळलं, सरकवला खणात. त्याच सालाचा दुसरा रुपया शेजारी आला की नजर थबकते. सालाखाली शंकरपाळीच्या आकाराची बारीकशी खूण असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला. चांदणी असेल तर हैदराबादचा. गोल ठिपका असेल तर नोएडाचा, आणि खूणच नसेल तर कोलकात्याचा. कोलकात्याने आपल्या नाण्यावर काहीही न लिहिणं मला फार आवडतं. त्या सालाखालच्या मोकळ्या जागेकडे पाहायला मी दुसऱ्या नाण्यामुळेच शिकले. जिथे काही नाही तिथे काही नाही हे दिसायलाही शेजारी काहीतरी असावं लागतं.

मग भूक वाढते. १९८५ सालचे रुपये मी घरात दिसतील तिथून गोळा केले, कारण त्या सुमारास सुट्या पैशांची टंचाई होती आणि सरकारने काही नाणी बाहेरच्या देशांतून पाडून आणली होती. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीतून आलेल्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच अक्षर आहे. १९९७ च्या स्टीलच्या रुपयांतही असेच परदेशी पाहुणे सापडतात. एम अक्षर आणि त्याच्या डोक्यावर एवढासा गोल दिसला की तो मेक्सिकोचा. हा रुपया समुद्र ओलांडून आला, कोणाच्या तरी पाकिटात बसला, टपरीवर चहाला गेला, आणि कोणालाही त्याचं परकेपण कळलं नाही.

दहा पैशांच्या दोन नाण्यांत तर एक सबंध काळ बदललेला दिसतो. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नवे पैसे आले. लोकांच्या बोटांना चौसष्ट पैशांचा हिशेब बसलेला, तेव्हा नाण्यावरच लिहिलं गेलं, ‘रुपये का दसवाँ भाग’. बाजारात गोंधळलेल्या माणसाला नाणंच हळूच समजावून सांगत होतं. १९६४ च्या जूनमध्ये त्यांच्या नावातलं ‘नये’ गेलं. सात वर्षांत नवं ते अंगवळणी पडलं होतं. १९६३ चं आणि १९६४ नंतरचं, अशी दोन नाणी शेजारी ठेवावीत आणि तो एक शब्द कुठे नाहीसा झाला ते पाहावं.

खरी कसोटी यापुढे असते. कुठलं ठेवायचं आणि कुठलं द्यायचं? दिव्याखाली दोन्ही धरायची. काठ कुठे दबला आहे, सिंहांच्या आयाळीतली रेघ कुठे बुजली आहे, कोणाच्या अंगावर वापराची झिलई आहे आणि कोणाला कोणीतरी चिंच लावून घासलंय, हे सगळं बघायचं. घासलेलं तांबं क्षणभर लखलखतं, पण त्याची शंभर वर्षांची काळसर-तपकिरी साय गेली ती गेलीच. मी नेहमीच सगळ्यात उत्तम ते ठेवते असं नाही. भोकाच्या पैशाचे दोन नग माझ्याकडे होते. युद्धाच्या दिवसांत तांब्याची चणचण, म्हणून १९४३ पासून पैशाच्या मध्यभागीच भोक पाडलं गेलं. एक नग छान, करकरीत. दुसऱ्याच्या भोकाचा काठ एका बाजूने घासून पातळ झालेला; कोणीतरी दोऱ्यात ओवून बाळाच्या कमरेला किंवा बैलाच्या गळ्यात बांधला असावा. छान होता तो मी देऊन टाकला.

पण डबल म्हणजे काय, हे मला सगळ्यात खोलवर कळलं ते शिवराईपाशी. शिवराई हाताने पाडलेली. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा धरायचा आणि घण मारायचा. ठसा बहुतेक वेळा तुकड्याहून मोठा, त्यामुळे मजकूर पूर्ण असा उमटतच नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि भोवती ठिपक्यांचं कडं. पण एका नाण्यावर ‘श्री’ आहे तर ‘शिव’चा पाय तुटलेला, दुसऱ्यावर कडं आहे पण ‘छ’ काठाबाहेर गेलेला. शिवाजी महाराजांनंतरही ही नाणी पडत राहिली, पेशवाईत पडली, इंग्रजी अमलातही गावोगावच्या बाजारांत काही काळ चालत राहिली. इतके ठसे, इतके हात. अक्षरांची वळणं वेगळी, ऱ्हस्व-दीर्घ वेगळे. यात डबल कुठून येणार?

पुण्यात जुन्या बाजारात रविवारी एक वयस्कर काका बसत. विकायला कमी, बोलायला जास्त. त्यांच्यासमोर मी माझ्या दोन शिवराया ठेवल्या आणि म्हटलं, “काका, यातली एक बदलून हवी आहे.”

“कशावर?”

“तुम्ही द्याल त्यावर.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही नाणी डोळ्यांजवळ नेली, अंगठ्याने फिरवून पुन्हा ठेवली. मग आपल्या खिशातल्या कागदाच्या पुडीतून एक तिसरी काढून मध्ये ठेवली. “वाच बरं आता. वरून खाली.” पहिलीवर श्रीची वेलांटी आणि राजाचा काना होता. मधलीवर सबंध ‘राजा’. तिसरीवर ‘शिव’, वकाराच्या पोटातल्या गाठीसकट. तीन वेगवेगळ्या माणसांनी, कदाचित तीन वेगवेगळ्या गावांत घातलेले घाव, आणि त्या फरशीवर एक नाव पुरं झालं. बराच वेळ आम्ही दोघंही नुसते बघत बसलो. मागे कोणी जुन्या नळाच्या तोट्या मोजत होतं.

“ही मधली तू घे,” काका म्हणाले, “आणि ती श्रीची मला दे. माझ्याकडे श्री नाही.”

पैसे दिले-घेतले गेले नाहीत. त्यांच्या शिवराईवर ‘राजा’ होतं आणि मला ते हवं होतं, माझ्याकडच्या ‘श्री’ची त्यांना आस होती. नाण्यावरच्या किमतीचा त्या सौद्याशी काही संबंध नव्हता, तरी नाणंच नाण्याच्या बदल्यात हातातून हातात गेलं. अल्बमच्या खणात गेलेलं नाणं थांबतं. ते आता कोणाकडे जाणार नाही, कशाच्या बदल्यात दिलं जाणार नाही. डबल मात्र अजून चलनात असतं. त्याला अजून माणसं भेटायची असतात. म्हणून मी डबलांचा डबा अल्बमपेक्षा जास्त वेळा उघडते.

कधी विकतेही. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. नव्याने सुरुवात केलेल्या मुलाला वीस पैशांच्या पितळी कमळाच्या नाण्याची आस असते, आणि त्याच्या खाऊच्या पैशातून तो ते घेतो तेव्हा त्या नाण्यावर त्याचा हक्क पक्का होतो. मात्र भाव सांगताना मी त्याच्या आईलाही सांगते, की वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२ चं नाणं लाखाला जातं असं कोणी फोनवर सांगितलं आणि आधी कमिशन मागितलं तर फोन ठेवा. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली आपलं नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये दिला होता. नव्या संग्राहकाच्या आनंदावर लोभाची पहिली झाक पडते ती अशा फोनने, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा शाळेतल्या मित्रांकडून अमेरिकेच्या राज्यांचे क्वार्टर डबल जमवतो. १९९९ ते २००८ या दहा वर्षांत दरवर्षी पाच, असे पन्नास राज्यांचे पन्नास क्वार्टर निघाले. तो मला त्यातले पाठवतो, मी त्याला अकरा कोनांचे दोन रुपये, प्रत्येक टांकसाळीचा एक. गेल्या दिवाळीत तो फोनवर म्हणाला, “मावशी, मला शिवराई पाठव ना.” ती मात्र पाठवता येत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्यानुसार ते देशाबाहेर नेता येत नाही. हा नियम मला योग्यच वाटतो. या मातीतली तांब्याची अक्षरं इथेच राहावीत. त्याला म्हटलं, तू ये, इथे बसून वाच. आल्यावर त्याला नाशिकजवळच्या अंजनेरीला न्यायचं ठरलंय. तिथल्या नाणेशास्त्राच्या संस्थेचं संग्रहालय त्याने काचेला नाक लावून बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

सध्या माझ्याकडे भोकाचे पैसे डबल आहेत, १९४४ आणि १९४५ चे. तीन पैशांची ॲल्युमिनियमची षटकोनी नाणी आहेत, हवी तितकी. संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया दोनदा आलाय, त्यातला एक कोणीही न्यावा. आणि मला हवा आहे १९८५ चा एच अक्षराचा रुपया, झिजलेला असला तरी चालेल, फक्त अक्षर वाचता आलं पाहिजे.