घरांत जेवणारें वाहन

सांप्रत आमच्या धुळे शहरांत सकाळीं दहाच्या सुमारास आग्रा रोडच्या कडेस घटकाभर उभें राहिलें, तर हिरव्या पाटीच्या चार-दोन दुचाकी तरी दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहींत. हिरव्या पाटीवर पांढरीं अक्षरें ही विजेच्या खासगी वाहनाची खूण २०१८ सालीं ठरली. ही गाडी येते केव्हां व जाते केव्हां, हें साठी उलटलेल्या आमच्या कानांस कळतही नाहीं. रस्ता ओलांडतांना आतां डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. सन २०२४-२५ या आर्थिक वर्षांत साऱ्या देशांत अशा सुमारें साडेअकरा लाख गाड्या विकल्या गेल्या, म्हणजे एकंदर दुचाकींच्या शंभरांत जवळजवळ सहा. आम्हांस तिच्याकरितां 'विद्युद्यान' असा शब्द सुचला होता. पण आमचा दूधवाला आपल्या अहिराणींत तिला 'चार्जिंगनी गाडी' म्हणतो, आणि आमच्या गल्लीनें त्याचाच शब्द उचलला आहे, आमचा नव्हे.

या गाडीविषयीं लिहिणारे बहुधा धुराविषयीं, पेट्रोलच्या भावाविषयीं व सरकारी अनुदानाविषयीं लिहितात. तीं सर्व प्रकरणें महत्त्वाचींच आहेत. परंतु एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्यासारख्यांस या वाहनाची एक निराळीच गोष्ट जाणवते, व तिच्याकडे वडील मंडळींचें लक्ष जावें म्हणून हा लेखनप्रपंच. ती अशी कीं, हें वाहन घरांत जेवतें.

बैल आणि घोडा घरींच खात असत. त्यांची वैरण ही साऱ्या घराची बाब होती. दावणीला जनावरें किती, कोणास पेंड किती लागते, हें कर्त्या पुरुषापासून शेणगोठा करणाऱ्या गड्यापर्यंत सर्वांस ठाऊक असे. पुढें सायकल आली. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, त्या काळीं ती नवलाईची वस्तु होती. पण तिला खाण्यापिण्याचा सोस मुळींच नव्हता. नंतर १९७२ सालीं बजाजांचा चेतक आणि फिरोदियांची लुना हीं पुण्याच्या कारखानदारांचीं दोन अपत्यें रस्त्यावर आलीं. नोकरींत असतांना आम्हीं तपासावयाच्या वह्यांचा गठ्ठा लुनेच्या मागें बांधून कित्येक वर्षें शाळा गांठली आहे. हीं वाहनें बाहेर, पंपावर, जेवत. कोणीं किती पेट्रोल घातलें हें ज्याचें त्यास ठाऊक. घराच्या जमाखर्चांत तो आंकडा बहुधा येत नसे. आलाच तर 'किरकोळ' या सदराखालीं. आतां तोच चेतक २०२० च्या जानेवारींत विजेवर चालणारा होऊन विक्रीस आला, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत लुनाही विजेची झाली. नांवें तींच राहिलीं, पण पंगत बदलली. रात्रीं ओसरींत उभें राहून हें वाहन आमच्याच मीटरमधून जेवतें, आणि त्याचें ताट घरांतील सर्वांच्या डोळ्यांपुढें असतें.

आमच्या घरीं आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना व तीन नातवंडें, असे नऊ जण एका मीटरवर राहतों. घर जुन्या धुळ्यांत, जेथें गल्ल्यांना नांवांपेक्षां क्रमांकांनींच ओळखतात. धाकट्या सूनबाई पांझरेच्या पलीकडे, देवपूर ओलांडून नगांवच्या बाजूस एका शाळेंत शिकवितात. येऊन-जाऊन वीस किलोमीटर. पूर्वीं त्या तासभर अगोदर निघून रिक्षा पालटीत जात, नाहीं तर धाकट्या चिरंजिवांस सवड असेल त्या दिवशीं त्यांच्या मागें बसून. घरांत पेट्रोलची स्कूटर होती. पण ती त्यांची, आणि तिच्या टाकींत थेंब किती आहे हें पाहणेंही त्यांच्याच हातीं. सूनबाईंसाठीं दुसरी गाडी घेण्याची गोष्ट दोन वेळां निघाली व महिन्याच्या पेट्रोलपाशीं येऊन थांबली. विजेची गाडी आल्यावर मात्र त्या सकाळीं "मामंजी, येतें मी," एवढेंच म्हणून निघूं लागल्या. पंपावरची रांग नाहीं, कोणापाशीं पैसे मागणें नाहीं, सोडावयास चल म्हणून कोणाची मनधरणी नाहीं. धुळ्यांत ज्या नोकरदार मुली हल्लीं हिरव्या पाटीच्या गाडीवर दिसतात, त्यांच्यापैकीं पुष्कळींच्या घरीं असेंच घडलें असावें असें आम्हांस वाटतें. धूर कमी झाला कीं नाहीं हें हवामानशास्त्रज्ञ सांगतील. परवानगी विचारण्याचे प्रसंग कमी झाले, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

परंतु वैशाखांतलें बिल आलें, आणि घरांत प्रथमच विजेच्या कागदावरून शब्दास शब्द लागला. विजेचे दर पायऱ्यापायऱ्यांनीं चढतात, हें गृहिणींस आमच्यापेक्षां चांगलें ठाऊक असतें. पहिल्या शंभर युनिटांचा दर निराळा, शंभरापासून तीनशेंपर्यंतचा निराळा, तीनशेंच्या पुढचा आणखी चढा. आमचें घर उन्हाळ्यांत तीनशेंच्या उंबरठ्यावर असतेंच. त्या महिन्यांत तें उंबरठा ओलांडून गेलें. आतां वरच्या पायरीवर चढलेले ते युनिट कोणाचे? गाडीचे, कीं आमच्या खोलींतील कूलरचे, कीं रात्रभर चालणाऱ्या पंख्यांचे? न्यायशास्त्रांतील मोठमोठे वाद आम्हीं वाचले आहेत, पण या प्रश्नाचा निकाल त्यांतील कोणत्याही प्रमाणानें लागेल असें दिसत नाहीं. मीटर सर्वांचें एकत्र मोजतें.

थोरल्या सूनबाई नोकरी करीत नाहींत. पहांटे पांचास उठून नऊ माणसांचा स्वयंपाक व पांच डबे त्या करितात. त्या दिवशीं त्या शांतपणें म्हणाल्या, "जाऊबाईंची गाडी घराच्या बिलांतून धांवते. मला माहेरीं जायचें तर एस्. टी.चें तिकीट मागून घ्यावें लागतें, आणि तें तर आतां अर्धेंच आहे." स्त्रियांस एस्. टी.त अर्धें तिकीट २०२३ च्या मार्चपासून झालें आहे. या बोलण्यांत मत्सर पाहणारे पाहतील. आम्हांस त्यांत हिशेब दिसला, आणि तो बरोबर होता.

आम्हीं मग पाटी घेऊन त्रैराशिक मांडलें. महिन्यास पंचवीस दिवस, दिवसास वीस किलोमीटर, म्हणजे पांचशें किलोमीटर. आमच्या गाडीची बॅटरी तीन युनिटांची. जाहिरातींत तिचा पल्ला शंभराचा असला तरी प्रत्यक्षांत ऐंशीच धरावा. चार्ज करतांना थोडी वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते, ती धरून महिन्यास तेवीस युनिट झाले. वरच्या पायरीचा चढा दर म्हणून युनिटास पंधरा रुपये लावले, तरी एकंदर तीनशें पंचेचाळीस. तेवढ्याच प्रवासास पेट्रोलच्या स्कूटरला अकरा लिटर लागतील. शंभर रुपयांनीं अकराशें. बचत साडेसातशें रुपयांची. येथपर्यंत गाडी विकणाराही हिशेब करून दाखवितो. पुढचा हिशेब तो करीत नाहीं. साडेसातशें दरमहा, वर्षास नऊ हजार, सहा वर्षांस चौपन्न हजार. नव्या बॅटरीची किंमत आम्हीं विचारली ती पन्नास-साठ हजारांच्या दरम्यान निघाली. बॅटरी सहा वर्षें चालली तर बचत जवळजवळ बॅटरीच्याच घरीं जाते. अधिक चालली तर नफा, कमी चालली तर तोटा. इंजिनाचें तेल व किरकोळ दुरुस्त्या वांचतात, तें वरकड. शिवाय बॅटऱ्यांचे भाव उतरत आहेत, हेंही खरें. तथापि आजची ती बचत वस्तुतः बचत नसून उद्यांच्या बॅटरीचा हप्ता आहे, हें ज्या घरांत समजलें नाहीं तेथें सहाव्या वर्षीं गाडी ओसरींत धूळ खात उभी राहील. लिथियमची बॅटरी उन्हानें लवकर म्हातारी होते. आणि आमच्या खानदेशांतला उन्हाळा म्हणजे मे महिन्यांत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस. भर दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं गाडी ठेवणें व तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणें, या दोन संवयी टाळल्या तरी तिचें आयुष्य वाढतें. स्वस्तांतील कांहीं गाड्यांना शिशाच्या बॅटऱ्या असतात. त्या दीड-दोन वर्षांतच थकतात.

खर्चाहून गंभीर बाब आगीची आहे. २०२२ च्या मार्चमध्यें पुण्याजवळ लोहगांवांत रस्त्याच्या कडेस उभी असलेली एक विजेची स्कूटर जळाली, तेव्हां लोक तिचीं चित्रें पाहून हळहळले. पण त्याच वर्षीं वसईस घरांत चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा एक बालक दगावला. ही बातमी प्रत्येक कुटुंबानें नीट समजून घ्यावयास हवी, कारण आमच्यांतील कितीतरी घरांत बॅटरी काढून बैठकींत वा जिन्याखालीं आणून ठेवतात, व वर मुलें निजलेलीं असतात. जुन्या वाड्यांना बाहेर पडण्याची वाट एकच, आणि जिना लांकडाचा! त्या दुर्घटनांनंतर बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले व २०२२ चा डिसेंबर आणि २०२३ चा मार्च अशा दोन टप्प्यांनीं लागूं झाले. म्हणून त्यापूर्वींची गाडी जुन्या बाजारांत स्वस्त मिळाली तरी घेतांना दहा वेळां विचार करावा. आमच्या ओसरींत वायरमनकडून अर्थिंग तपासून निराळा जाड तारेचा प्लग बसवून घेतला आहे. पुढें लांब वायर जोडून खिडकींतून चार्जिंग करण्यास आमच्या घरीं सक्त बंदी आहे, व रात्रीं सर्व निजण्यापूर्वीं प्लग निघालाच पाहिजे असा नियम आहे. वीज मध्येंच गेली तर गाडी अर्धपोटीं राहते, राहो.

मुलांविषयीं एवढेंच. अडीचशें वॅटपर्यंतच्या मोटरची व ताशीं पंचवीस किलोमीटरहून अधिक न धांवणारी हलकी गाडी असेल तर तिला नोंदणी लागत नाहीं व चालविणाऱ्यास परवाना लागत नाहीं. या सवलतीचा आधार घेऊन आठवी-नववींतल्या मुलांच्या हातीं अशा गाड्या देणारे पालक आम्हीं रोज पाहतों. कांहीं गाड्यांत फेरफार करून त्यांचा वेग वाढविलेला असतो, व त्यांविरुद्ध परिवहन खात्यानें २०२२ सालीं मोहीमही काढली होती. आमच्या थोरल्या नातवानें किल्ली मागितली, त्यास त्याच्या आजीनें सायकलला तेल घालून दिलें.

धुराची गोष्ट निघाली होती म्हणून सांगतों. आमच्या मीटरमध्यें येणारी वीज कोठली? भुसावळजवळ दीपनगरास कोळसा जाळून ती होते. आमच्या साक्री तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि त्याच तालुक्यांत २०१३ पासून सव्वाशें मेगावॉटचें सौरकेंद्र चालू आहे. ती सारी वीज एकाच जाळ्यांत मिसळते. आमच्या वांट्यास कोणती आली हें सांगतां यावयाचें नाहीं. तेव्हां धूर नाहींसा झाला असें न म्हणतां तो आग्रा रोडवरून उठून कांहीं अंशीं दीपनगरच्या धुरांड्यांत गेला, असें म्हणणें अधिक प्रामाणिक होईल. शाळेंत जाणाऱ्या पोरांच्या नाकापासून तो दूर गेला, ही गोष्टही कमी नाहीं. दीपनगरच्या आसपास राहणाऱ्यांस ती कितपत पटेल, हा प्रश्न वेगळा.

आमच्या घरच्या वादाचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. आम्हीं दोघी सुनांपुढें दोन मार्ग ठेवले. एक, ओसरींतल्या प्लगला निराळें लहान मीटर बसवावें व गाडीच्या विजेचे पैसे धाकट्या सूनबाईंनीं आपल्या पगारांतून द्यावेत. मग गाडी सर्वस्वीं त्यांची. दुसरा, बैलाच्या वैरणीप्रमाणें वीज घरानें द्यावी. मग गाडी घराची, व तिच्यावर दोघींचा हक्क सारखा. पहिला मार्ग आमच्या मुलांना सोपा वाटला. धाकट्या सूनबाईंनीं दुसरा पसंत केला, आणि शनिवारीं दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत किल्ली जाऊबाईंच्या खुंटीवर अडकवली. थोरल्या सूनबाई चाळिशीच्या पुढच्या. त्या पहांटे मोकळ्या मैदानावर जाऊन तीन आठवड्यांत गाडी शिकल्या, रीतसर परवाना काढला, आणि एका रविवारीं सासूबाईंस मागें बसवून देवपुरास एकवीरेच्या दर्शनास गेल्या. उभयतांच्या डोक्यावर शिरस्त्राण होतें. आमच्या सौभाग्यवतींनीं तें आयुष्यांत प्रथमच घातलें, व परत आल्यावर केंस विस्कटल्याची तक्रार केली.

लहान मीटर आम्हीं तरीही बसविलें आहे, भांडणासाठीं नव्हे, हिशेबासाठीं. महिनाअखेर नात त्यावरचा आंकडा वहींत उतरून घेते, आणि साडेसातशें रुपये टपाल कार्यालयांत बॅटरीच्या नांवें जमा होतात. म्हणजे बॅटरीच्या नांवें असें आम्ही घरांत म्हणतों. पुस्तकावर कोणा तरी माणसाचें नांव लागतें. तूर्त आमचें आहे. तें बदलून कोणाचें घालावें, यावर घरांत अजून विचार चालू आहे.