रेडिओ गप्प का झाला?

मुलांनो, न केलेल्या चुकीचा आळ तुमच्यावर कधी आलाय का? माझ्यावर आला होता. खरा गुन्हेगार सापडायला कितीतरी वर्षं लागली. सापडणार कसा? तो होता पंधरा कोटी किलोमीटर दूर!

गोष्ट २००३ सालची. आम्ही साताऱ्याचे. दिवाळी झाली की एस.टी.नं आजोळी, सांगलीला जायचं हे ठरलेलं. आजोबांच्या रेडिओला हात लावायची मात्र कुणालाच परवानगी नव्हती. २८ ऑक्टोबरला आजोबा घाटावर फिरायला गेले आणि मी हळूच रेडिओ लावला. शॉर्टवेव्हवर दूरदेशीचं एक स्टेशन छान लागलं. पावणेपाचच्या सुमाराला एकाएकी आवाज बुडाला. काटा इकडून तिकडे फिरवला, तरी नुसती खरखर! तेवढ्यात आजोबा दारात.

"मोडलास ना अखेर?"

"आजोबा, मी काहीच केलं नाही!" पण ऐकतंय कोण? गंमत म्हणजे थोड्या वेळानं मिडियम वेव्हवर आकाशवाणी सांगली लावली, तर ती अगदी स्वच्छ! दिवेलागणीला शॉर्टवेव्हही आपोआप बोलू लागली. सुट्टीच्या अभ्यासात रोजनिशी लिहायची होती. मी रडतरडत लिहिलं, 'मंगळवार. पावणेपाचला रेडिओ बंद पडला. मी मोडला नाही.'

पुढे कॉलेजात एका पुस्तकात तीच तारीख दिसली. त्या दिवशी आपल्या घड्याळानुसार ४ वाजून ४० मिनिटांनी सूर्यावरची एक प्रचंड ज्वाला ऐन भरात होती. मी धावत जाऊन माळ्यावरची वही काढली. वेळ जुळली!

आता पाहा काय झालं असणार. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरांवर आपटून परततात, म्हणून दूरची स्टेशनं ऐकू येतात. सौरज्वालेतले क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात आणि खालचा थर इतका दाट करतात, की तो या लहरी गिळूनच टाकतो. सांगली केंद्राच्या लहरी जमिनीलगत येत होत्या, म्हणून त्या वाचल्या.

ज्वालेबरोबर सूर्यानं विद्युतभारित कणांचा एक ढगही फेकला होता. असे ढग यायला एरवी दोन-तीन दिवस लागतात, हा एकोणीस तासांत आला! पृथ्वीच्या चुंबकत्वात वादळ उठलं आणि ३० तारखेला स्वीडनमधल्या माल्मो शहराची वीज गेली.

आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं तर सप्टेंबर १८५९ मधल्या महावादळाची नोंद करून ठेवली आहे. पुढे विजेच्या ट्रामचा अडथळा नको, म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. कुलाब्याचे ते जुने आकडे २००३ साली शास्त्रज्ञांनी पुन्हा अभ्यासले, तेव्हा ते वादळ किती भयंकर होतं हे कळलं. आता सूर्यावर नजर ठेवायला आपलं 'आदित्य-एल १' यान आहे. पण १८५९ साली कुणीतरी आकडे टिपले नसते, तर आज काय अभ्यासलं असतं?

म्हणून सांगते, काही वेगळं दिसलं, ऐकलं, की तारीख आणि वेळ लिहून ठेवा. कारण लगेच कळलं नाही तरी चालेल. (सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी मात्र कधीच पाहू नका हं!)

आणि आजोबा? वही घेऊन मी सांगलीला गेले. चष्मा लावून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "बाळ, तेव्हाच ऐकायला हवं होतं तुझं."

रेडिओ त्यांनी मला देऊन टाकला.