आधी क्रोसिन दिली का?

केमो होऊन दहा-बारा दिवस झालेत आणि रात्री साडेअकराला घरून फोन आला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला. "क्रोसिन दिली का?" बहुतेकदा दिलेली असते. अंग तापलं की घरच्यांना राहवत नाही. गोळीने ताप उतरतो, जंतू रक्तातच राहतात, आणि आम्हाला सावध करणारी एकुलती एक खूण पुसली जाते.

एकुलती एक, कारण पू व्हायलाही पांढऱ्या पेशी लागतात. न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली गेले की न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, लघवीत पस सेल सापडत नाहीत. लाल, सुजलेलं, पिकलेलं शोधायची डोळ्यांची सवय मोडायला मला दोनेक वर्षं लागली. आता मी आधी पेशंटचं तोंड उघडून बघते. गाल आतून सोलवटलेला असेल, तर आतड्याचं अस्तरही तसंच असणार, ई. कोलाय, क्लेबसिएला तिथूनच रक्तात उतरतात. नातेवाईक मात्र खिडकीतल्या धुळीला दोष देत बसतात.

१००.४ तासभर टिकला की घड्याळ सुरू. सिस्टर कल्चरच्या बाटल्यांची रबरी टोपणं स्पिरिटने पुसते आणि सुकू देते. ते अर्धं मिनिट मला अजून जड जातं. एक जोडी लाईनमधून, एक दंडातून, आणि तासाच्या आत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम. रिपोर्टची वाट बघायची नाही. पूर्वी बघत; स्यूडोमोनास असला तर रिपोर्टआधीच पेशंट जाई. १९७१ मध्ये शिम्फ आणि सहकाऱ्यांनी ताप दिसताच कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन देऊन पाहिलं, तिथून ही रीत पडली.

सुरू करणं अंगवळणी पडलं. थांबवताना हात अडतो. एका ल्युकेमियाच्या मुलाला मी निव्वळ भीतीपोटी मेरोपेनेम आठवडाभर जास्त दिलं. पुढच्या सायकलला त्याच्या रक्तात क्लेबसिएला उगवला, मेरोपेनेमला न जुमानणारा. मग कोलिस्टिन आणि रोज चढणारं क्रिएटिनिन. माझ्यामुळेच झालं असं सिद्ध करता येणार नाही. तो वाचला.

परवा एका बाईंना दोन दिवस ताप नव्हता, कल्चर कोरं, काउंट अजून तीनशे. "मॅडम, चालूच ठेवू या ना," रेसिडेंट म्हणाला. मी पेपरवर 'बंद' लिहिलं. आणि रात्री दोनदा वॉर्डला फोन करून त्यांचा ताप विचारला.