डाव्या पायाचं काम

घाट उतरताना गाडी ब्रेकवर धरायची नसते, गिअरवर धरायची असते, हे आमच्या रामाकोन्याच्या पोरांना स्टिअरिंग हातात येण्याआधीच ठाऊक असते. छिंदवाड्याहून नागपूरकडे निघालेली मोटार सिल्लेवानीचा घाट उतरूनच आमच्याकडे येते. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आणि माझ्या भाऊजींचा तर मंत्रच.

भाऊजी मध्य प्रदेश राज्य परिवहनच्या बसवर ड्रायव्हर होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ तिकडे गेला आणि आमचा सौंसर, पांढुर्ण्याचा मुलूख इकडे राहिला. तेव्हापासून आमचा सरकारी कागद हिंदीत आणि घरातले बोलणे मराठीत. भाऊजींच्या डेपोतही तेच. लॉगबुक हिंदीत, शिवीगाळ मराठीत. गाडीचे शब्द मात्र कोणाच्याच बापाचे नव्हते. क्लच दोन्हीकडे क्लचच. २००५ साली परिवहन निगम बंद झाले, तेव्हा ते खाजगी गाडीवर गेले आणि साठी उलटेपर्यंत तिथेच राहिले.

लहानपणी मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून त्यांचा डावा पाय पाहत असे. त्या काळच्या बसचा गिअर बदलणे ही तीन अवयवांची जुगलबंदी होती. वरून खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून आधी न्यूट्रल, मग क्लच सोडून उजव्या पायाने इंजिनाला एक झटका, मग पुन्हा क्लच आणि त्यानंतर दांडा पुढे. यालाच डबल क्लच म्हणतात. गिअरबॉक्सच्या आतली दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. त्यांची गती जुळल्याशिवाय दात एकमेकांत बसत नाहीत. हल्लीच्या गाड्यांत ही गती जुळवायला सिंक्रोमेशच्या कड्या असतात. तेव्हा ते काम ड्रायव्हरच्या कानाला करावे लागे. गती जुळली नाही तर खालून असा करकराट येई, की झोपलेला पॅसेंजरसुद्धा मान वर करी. भाऊजींच्या गाडीत मी तो आवाज फार क्वचित ऐकला.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो. तीन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी मोटार घेतली. मोटार कसली, चाकांवरचे घरच. झोपायला पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळे आत. जनरल मोटर्सच्या जीएमसी विभागाने १९७३ ते १९७८ या काळात अशा सुमारे १३,००० गाड्या बनवल्या. ही १९७५ ची. साडेसात लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन, पुढची दोन चाके ओढणारी, मागे एकामागे एक अशी दोन्ही बाजूंना मिळून चार चाके, आणि गिअर ऑटोमॅटिक. भाचा एका रात्री फोनवर म्हणाला, "मामा, यातला ऑटोमॅटिक खोका काढून क्लचगिअर बसवायचा आहे. बाबा येणार आहेत. त्यांना एकदा तरी ही चालवू द्यायची आहे."

मला त्याचा हेतू लगेच कळला. भाऊजींचे वय बहात्तर. पाच वर्षांपूर्वी एकदा नागपूरला कोणाची बिनक्लचची गाडी त्यांच्या हाती दिली, तर सवयीने डावा पाय क्लच शोधत गेला आणि सापडला ब्रेक. गाडी जागच्या जागी थिजली, ताईचे कपाळ पुढच्या सीटवर आपटले. तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "आता गाड्या बाया-बापड्यांच्या झाल्या," एवढेच म्हणत. (त्या बाया-बापड्या उत्तम गाडी चालवतात, हे ताईने त्यांना दोनदा सुनावले.)

भाच्याने गाडीचे नकाशे पाठवले. मी ते घेऊन सौंसरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. या माणसाने आपल्या उमेदीत कितीतरी अँबेसेडर गाड्यांचे स्टिअरिंगवरचे गिअर काढून खाली जमिनीवर आणले होते. जुन्या अँबेसेडरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीला असे. तिथून सळ्या आणि सांधे खाली गिअरबॉक्सपर्यंत जात. सांधे झिजले की दोन गिअर एकदम अडकत आणि ड्रायव्हरला भर चौकात बॉनेट उघडून हाताने सळ्या सोडवाव्या लागत. पुढे अँबेसेडरला इसुझूचे इंजिन आणि पाच गिअरचा खोका आला, तेव्हा मिस्त्रीने जुन्या गाड्यांत तेच जोडकाम सुरू केले. मधल्या पत्र्याला भोक पाडायचे, मागे जाणारा शाफ्ट कापून लांबी जुळवायची, की झाले.

मिस्त्रीने नकाशा उलटसुलट पाहिला. म्हणाला, "गुरुजी, पयले हे सांगा, इंजनच्या मांगं खोका बसवाले जागा हाय का?"

जागा नव्हती. सगळी मेख तिथेच होती. साध्या गाडीत इंजिन, क्लच, खोका आणि शाफ्ट एका रांगेत मागे जातात. या गाडीत इंजिनाच्या मागून निघालेली शक्ती एका रुंद साखळीवरून बाजूला वळते आणि उलटी पुढे येते; खोका इंजिनाच्या शेजारी, पुढे तोंड करून बसलेला. हे यंत्र मुळात ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीचे, आणि ती मोटार कधी क्लचगिअरमध्ये निघालीच नाही. म्हणजे जुन्या बाजारातून आयता खोका मिळण्याची सोय नाही. मागची चाके ओढती करावीत, तर गाडीखाली शाफ्ट न्यावा लागेल. आणि शाफ्ट नाही म्हणून तर त्या घराची जमीन इतकी ठेंगणी! ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले घर असते, तर गोष्ट निराळी होती. तिथे ऑटोमॅटिकची पातळ तबकडी काढून जड फ्लायव्हील लावता येते, क्रँकच्या टोकाला छोटे बेअरिंग बसते, पेडल आणि क्लचचा सिलिंडर जोडता येतो. खर्च होतो, पण काम होते.

"मंग कायले त्या गाडीचं पोट फाडता?" मिस्त्री म्हणाला. "भाऊले सांगा, डावा पाय सीटखाली दुमडून बस म्हना. पंधरा दिवसांत पाय इसरते."

भाच्याला हे सांगणे जड गेले. त्याने पेडलचा एक जुना संच आधीच विकत आणून ठेवला होता. दोन दिवस त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो दुसऱ्याच प्रश्नासह: "मामा, बाबा पाय दुमडतील का?" मी म्हटले, गुडघा दुखत नसला तर दुमडतील, पण ही गोष्ट त्यांना मी सांगणार नाही, तू सांग.

मागच्या वर्षी भाऊजी गेले. भाच्याने एका मित्राच्या शेतातल्या खाजगी उतरत्या वाटेवर गाडी नेली. पुढचे मला फोनवर कळले. पहिले दोन दिवस भाऊजी नुसते शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी डाव्या पायातला बूट काढून, पाय मागे घेऊन स्टिअरिंगवर बसले. ब्रेकवर पाय पडला, पण एकदाच. उतार सुरू होण्याआधी त्यांनी गाडी थांबवली आणि दांड्याकडे बोट दाखवून विचारले, "यात खालचा गिअर कुठं हाय?" भाच्याने दाखवला. तो दांडा त्याने स्वतः कधीच तिथे नेला नव्हता. तो आजवर सगळे उतार ब्रेकवर उतरला होता. पाच टनांची ती गाडी भाऊजींनी तो लांब उतार ब्रेकला जेमतेम स्पर्श करत खाली आणली. खाली आल्यावर त्यांनी मुलाला पुढची चाके हाताने चाचपून पाहायला लावली.

आता खोका तसाच राहणार आहे. चढावर त्यातले तेल फार तापते म्हणून भाचा तेल थंड करणारी मोठी जाळी पुढे बसवतो आहे. पेडलचा संच गॅरेजात पडून आहे. तो विकायला काढला होता, पण भाऊजींनी विकू दिला नाही.